क्रूझवरून सान हुआनमध्ये एक दिवस: किल्ले, जेवण आणि वेळेचं गणित

मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून सुटणाऱ्या कॅरिबियन क्रूझच्या वेळापत्रकात ‘सान हुआन, पोर्तो रिको’ दिसलं, तर तो दिवस जहाजावरच्या स्विमिंग पूलमध्ये घालवू नका. समुद्रकिनारे बाकीच्या बेटांवर मिळतीलच. जहाजाची शिडी उतरून दहा मिनिटांत पाचशे वर्षं जुन्या, तटबंदीच्या आतल्या नांदत्या गावात शिरायला मात्र इथेच मिळतं.

मी इथे दोनदा गेलो. पहिल्या खेपेला मी आणि बायको दोघंच होतो आणि किल्ल्याचं दार आमच्या डोळ्यांसमोर बंद झालं. दुसऱ्या खेपेला अमरावतीहून आलेले आई-बाबा बरोबर होते. बाबांचे गुडघे आणि आईचं शाकाहारी जेवण या दोन्हींचा आधी विचार केला होता, म्हणून तो दिवस फार छान गेला. पहिल्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे लिहितो.

१. कागदपत्रं बुकिंगच्या आधी तपासा

पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण क्रूझ वाटेत दुसऱ्या देशांच्या बेटांवरही थांबते. म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर जाता आणि पुन्हा आत येता. भारतीय पासपोर्ट असेल तर परत येताना चालू असलेला, अनेकदा प्रवेशाची मुभा असलेला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड हातात हवं.

सगळ्यात मोठा खड्डा एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांसाठी आहे. आय-७९७ (मंजुरीचा कागद) हातात आहे, नोकरी चालू आहे, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे, अशी परिस्थिती आपल्यापैकी अनेकांची असते. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन संपलेल्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी वाल्यांना कॅरिबियन बेटांसाठी मिळत नाही. एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना ती क्यूबा सोडून जवळच्या बेटांसाठी मिळते. ‘मित्र जाऊन आला, त्याला काही झालं नाही’ यावर विसंबू नका, तो मित्र विद्यार्थी असू शकतो.

आई-वडील पर्यटक व्हिसावर आले असतील तर त्यांच्या व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ‘एम’ हे अक्षर आहे ना, ते बघा. वाटेतल्या प्रत्येक बेटाचा भारतीय पासपोर्टसाठीचा नियम त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा. तिकीट घेतलं म्हणजे व्हिसाची बाजू कुणीतरी बघितली असेल, असं धरून चालू नका. ती जबाबदारी प्रवाशाचीच असते.

बरोबर ठेवायची कागदपत्रं:

- मूळ पासपोर्ट (व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर तोही)
- ग्रीन कार्ड, किंवा व्हिसा आणि आय-७९७ची मूळ प्रत
- आय-९४ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत
- जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं एक ओळखपत्र. परत येताना बंदराच्या फाटकावर ही दोन्ही मागू शकतात
- या सगळ्यांचे फोटो मोबाइलवर, आणि एक प्रत घरी कुणाकडे तरी

परदेशी बेटांनंतर सान हुआन हेच अमेरिकेचं पहिलं बंदर असेल, तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते. आमची झाली, त्यात पाऊण तास गेला. तो वेळ हिशेबात धरा, आणि त्या दिवशी पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवून उतरायचं की बरोबर घ्यायचा, हे जहाजावर आदल्या रात्री विचारून ठेवा.

२. वेळापत्रकातले तास वाचा, नुसती तारीख नको

आमचा पहिला दिवस इथेच हुकला. सान हुआनला बरीच जहाजं सकाळी न येता दुपारी येतात आणि रात्री उशिरा सुटतात. आमचं दुपारी तीनला लागलं. उतरून, वाट शोधून, चढ चढून एल मोरो किल्ल्याच्या दारात पोहोचलो तर आतले लोक बाहेर काढायला सुरुवात झाली होती. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे इथले दोन्ही किल्ले साधारण सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडतात आणि दुपारी साडेचार-पाचला बंद होतात. नक्की वेळ जाण्याच्या आठवड्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर बघा. किल्ले बघायचे असतील तर सकाळी पोहोचणारी क्रूझच निवडा, भले ती थोडी महाग पडो. जहाज दुपारी येणार असेल तर एकच किल्ला ठरवा आणि थेट तिकडे चालू लागा.

घड्याळाचाही एक घोळ आहे. पोर्तो रिकोत घड्याळं वर्षभर बदलत नाहीत. उन्हाळ्यात सान हुआन आणि मायामीची वेळ सारखी असते; नोव्हेंबर ते मार्च मात्र सान हुआन एक तास पुढे असतं. काही जहाजं आपलं घड्याळ बदलतात, काही मायामीच्याच वेळेवर चालतात. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, मनगटावरचं घड्याळ दाखवत नाही. जहाज स्थानिक वेळेवर असेल आणि मनगटावर मायामीची वेळ असेल, तर तुम्ही निवांत तासभर उशिरा पोहोचाल. उतरताना शिडीपाशी लावलेली परतीची वेळ आणि जहाजाचं घड्याळ, दोन्हींचा फोटो काढून घ्या.

३. धक्का कोणता?

जुन्या गावाला लागून असलेल्या धक्क्यांवर जहाज लागलं तर गाडीची गरज नाही. पण काही जहाजं खाडीपलीकडे, इस्ला ग्रांदेच्या बाजूला, पॅन अमेरिकन धक्क्यावर लागतात. नकाशावर ते जवळ दिसतं. प्रत्यक्षात वाहत्या रस्त्याच्या कडेने, सावली नसताना चालावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन तो विचारही करू नका, सरळ टॅक्सी घ्या. जुन्या लेखांतून गावात फिरणाऱ्या फुकट ट्रॉलीबद्दल वाचलं असेल, पण तिच्या भरवशावर दिवस आखू नका.

४. बरोबर काय घ्यायचं

तळवा न घसरणारे बूट. हे पहिलं. जुन्या गावातले रस्ते निळसर दगडांचे आहेत, त्यांना तिथे ‘आदोकिनेस’ म्हणतात. ते खरे दगड नाहीतच. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या त्या विटा आहेत. उन्हात त्या करड्या दिसतात. सर आली की शाईसारख्या निळ्या होतात आणि तितक्याच निसरड्याही. सर पाच मिनिटांत येते आणि जाते. आई चपला घालून निघाली होती, तिला जहाजावर परत पाठवून बूट घालायला लावले. ती थोडी रागावली, पण दुपारी पाऊस आल्यावर तिनेच माझा दंड धरून ‘बरं झालं’ म्हटलं.

पाण्याची बाटली, टोपी, छोटी छत्री आणि क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. किल्ल्यांवर तिकिटाला रोख पैसे घेत नाहीत. बाकी व्यवहार अमेरिकी डॉलरमध्येच होतो. गाड्यांवरच्या खाण्यासाठी एक-पाच डॉलरच्या सुट्या नोटा असू द्या. अमेरिकेतलं सिम साधारणपणे चालतं. भारतातलं कार्ड वापरणाऱ्यांनी रोमिंगचे दर आधी बघावेत.

५. सुरुवात सान क्रिस्तोबालपासून

बहुतेक गट आधी एल मोरोकडे धावतात. तुम्ही उलट करा. धक्क्यावरून प्लासा कोलोन, म्हणजे कोलंबसाच्या पुतळ्याचा चौक, आणि तिथून थोडा चढ चढलं की सान क्रिस्तोबाल. सकाळी उन्हाआधी चढ संपतो, किल्ला रिकामा मिळतो, आणि दिवसभराची वाट पुढे उतरतीची होते. गुडघ्यांसाठी हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

तिकीट माणशी १० डॉलर, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. तीच पावती २४ तासांत दुसऱ्या किल्ल्यालाही चालते, ती फेकू नका. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो दाखवा.

हा किल्ला का बांधला, हे कळल्याशिवाय इथला एकही बुरूज नीट समजत नाही. एल मोरो समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक बंदरात घुसायला आला, तेव्हा त्याला तोफांनी परतवून लावलं. तीनच वर्षांनी कंबरलंडचा अर्ल, हाही इंग्रज सरदार, पूर्वेकडे उतरला, जमिनीवरून चालत आला आणि त्याने मोरो घेतला. त्याचं सैन्य हगवणीने खचलं, म्हणून त्याला जावं लागलं. १६२५ मध्ये डच आले. त्यांना मोरो घेता आला नाही, पण जाताना त्यांनी गाव जाळलं. तेव्हा जमिनीची बाजू उघडी ठेवून चालणार नाही, हे स्पेनला पटलं. १६३४ च्या सुमारास इथे काम सुरू झालं आणि १७८३ पर्यंत चाललं. स्पेनने अमेरिका खंडात बांधलेला हा सगळ्यात मोठा किल्ला आहे. १७९७ मध्ये इंग्रज पुन्हा त्याच पूर्वेकडच्या वाटेने आले आणि गावात न शिरता माघारी गेले.

वर उभं राहून पूर्वेकडे बघा. एकापुढे एक बांधकामं आहेत, मध्ये कोरडे खंदक, आणि मागची प्रत्येक भिंत पुढचीपेक्षा उंच. शत्रूने पुढची जागा घेतली तरी तो मागच्या तोफांच्या माऱ्यातच राहतो. आपल्या डोंगरी किल्ल्यांत हे काम कडे आणि माच्या करतात. इथे सपाटीवर ते सगळं हाताने रचलं आहे.

दोन गोष्टी चुकवू नका. एक, मधल्या चौकाखालची पाण्याची टाकी. अशी पाच प्रचंड टाकी आहेत, आणि चौकात पडणारा पाऊस त्यांत उतरवलेला आहे. रायगडावरची टाकी बघितलेल्या माणसाला ही वेगळी सांगावी लागत नाहीत. बाबा तिथेच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले. दुसरी, भुयाराच्या टोकाची कोठडी. तिच्या भिंतीवर कुणा कैद्याने जहाजं रेखाटली आहेत. शिडं, डोलकाठ्या, एकेक दोर वेगळा काढलेला. अंधाराची सवय व्हायला मिनिटभर लागतं. मोबाइलचा दिवा लगेच लावू नका, थोडं थांबलात की रेषा आपोआप दिसू लागतात.

६. तटाच्या कडेने मोरोकडे

सान क्रिस्तोबालहून बाहेर पडून नोर्सागाराय रस्त्याने चाला. उजवीकडे अथांग समुद्र, आणि तटाखाली रंगीबेरंगी घरांची वस्ती, ला पेर्ला. वरून दिसते ती पुरे. लोकांची राहती घरं आहेत, त्यांच्या दारात कॅमेरा रोखत फिरायला जाऊ नका. पुढे तटाबाहेर, समुद्राला लागून सान्ता मारिया मागदालेना दे पास्सिस ही पांढऱ्या संगमरवरी क्रूसांची दफनभूमी आहे. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेले पेद्रो अल्बिसू काम्पोस तिथेच विसावले आहेत.

७. एल मोरो

दारापर्यंत जायला मोठं उघडं मैदान पार करावं लागतं, गाडी तिथे जात नाही. सावली नाही, वारा मात्र भरपूर. याच वाऱ्यामुळे मैदानात सदैव पतंग असतात. तिथे पतंगाला ‘चिरिंगा’ म्हणतात. मुलं बरोबर असतील तर इथे अर्धा तास जास्त धरा. संक्रांतीला गच्चीवर वाढलेल्या माणसाचाही पाय इथून निघत नाही.

मोरोचं काम १५३९ मध्ये सुरू झालं. पूर्ण नाव ‘सान फेलिपे देल मोरो’, स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याच्यावरून. १५८० मध्ये पोर्तुगालचं राज्यही याच राजाकडे आलं आणि १६४० पर्यंत स्पेनकडेच राहिलं. म्हणजे आपला वसईचा किल्ला आणि हा मोरो साठ वर्षं एकाच राजसत्तेखाली होते. वसईचे कोनदार बुरूज बघितले असतील तर इथले बघताना ती ओळख पटते. बुरुजावर तीन झेंडे आहेत: अमेरिकेचा, पोर्तो रिकोचा, आणि लाल, काटेरी, तिरप्या फुलीचा जुना स्पॅनिश लष्करी झेंडा.

एक सावधगिरी: मोरोत शिरताना तुम्ही वरच्या मजल्यांवर असता. किल्ला सहा पातळ्यांचा आहे आणि समुद्राकडे खाली खाली उतरत जातो. उतरताना काही वाटत नाही, पण ते सगळं परत चढायचं असतं. बाबा मधल्या चौकात सावलीत बसले आणि आम्ही आळीपाळीने खाली जाऊन आलो. चौकातूनही बंदराचं तोंड छान दिसतं, तेवढ्यासाठी गुडघे दुखवायची गरज नाही.

८. जेवण: शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा

मैदानाजवळ पिराग्वाची गाडी दिसेल. किसलेल्या बर्फाचा टोकदार गोळा आणि वर रंगीत सरबत, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच. ‘तामारिंदो’ मागा, ती चिंच आहे. ‘पार्चा’ म्हणजे पॅशनफ्रूट, तेही आंबटगोड आणि झकास. बर्फाच्या पाण्याबद्दल शंका असेल त्यांनी आपापलं ठरवावं. आम्ही चौघांनी खाल्ला, काही झालं नाही.

जेवणात मात्र जपा. मोफोंगो हा इथला मानाचा पदार्थ: कच्ची केळी तळून, लसणाबरोबर खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. पण त्यात बहुधा डुकराच्या चामडीचे कुरकुरीत तुकडे कुटलेले असतात. राजमा-भात साधा वाटतो, त्यातही हॅम असू शकतं. आईच्या समोर ‘आर्रोस कोन गांदुलेस’ची ताटली आली, तेव्हा तिने दाणा चमच्यावर घेऊन निरखला आणि सुनेला म्हणाली, ‘अगं, हे तर तुरीचे सोले!’ खरंच तूर. भारतातून आफ्रिका आणि तिथून गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने ती कॅरिबियनमध्ये पोहोचली. पण भातात हॅमचे तुकडे होते, त्यामुळे आईला ती खाता आली नाही. मी आधी विचारायला हवं होतं.

म्हणून ही वाक्यं पाठ करा: ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको. तेवढ्याने भागत नाही, कारण हॅम आणि रस्सा त्यात अनेकदा धरत नाहीत. पुढे म्हणा: ‘सिन सेर्दो’ (डुक्कर नको), ‘सिन हामोन’ (हॅम नको), ‘सिन काल्दो दे पोयो’ (कोंबडीचा रस्सा नको). ‘मांतेका’ म्हणजे डुकराची चरबी. तळणाला काय वापरलंय ते विचारा. बहुतेकांना इंग्रजी येतं, पण स्पॅनिशमध्ये ‘बुएनास’ म्हणून सुरुवात केली की माणसं आपुलकीने बोलतात. तेलात तळलेले तोस्तोनेस (दोनदा तळलेली कच्ची केळी), पिकल्या केळ्यांचे अमारियोस, आणि सकाळी दूधकॉफीबरोबर पिठीसाखर पेरलेला मायोर्का पाव. अंडं खाणाऱ्यांना एवढ्यावर दिवस सहज काढता येतो. बिलावर कर आणि वर टिप, हे धरून चाला.

९. उतरता रस्ता

मोरोहून क्रिस्तो रस्त्याने खाली या. वाटेत सान हुआन बाउतिस्ता कॅथेड्रल लागतं. पोर्तो रिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर हुआन पोन्से दे लेओन याची संगमरवरी कबर आत आहे. प्रार्थना चालू असेल तर मागे थांबा. तिथून पश्चिमेला थोडं उतरलं की लाल रंगाचा सान हुआन दरवाजा. जहाजातून उतरणारे बिशप आणि गव्हर्नर इथूनच गावात यायचे. दरवाज्यातून बाहेर पडून डावीकडे वळा. तटाला लागून पासेओ दे ला प्रिन्सेसा हा सावलीचा रस्ता आहे, तो थेट धक्क्यांकडे नेतो.

उजवीकडे वळू नका. तिकडेही तटाच्या पायथ्याने सुंदर वाट जाते आणि मोरोच्या खाली पोहोचते, पण तिथून किल्ल्यात शिरता येत नाही. आलात तसंच परत यावं लागतं. हाताशी तास असेल आणि ऊन उतरलं असेल तरच ती करा.

हा सगळा फेरा साधारण चार-पाच किलोमीटरचा आहे. निवांत, जेवणासह, सहा तास लागतात. याच्याच जोडीला एल युंके जंगल किंवा किनारा कोंबू नका, दोन्ही अर्धवट होतात. जानेवारीच्या मध्यावर सान सेबास्तियानच्या रस्त्यावरची जत्रा असते. तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते, वयस्कर माणसं बरोबर असतील तर ते दिवस टाळा. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम आहे, जहाज ऐनवेळी बंदर बदलू शकतं.

१०. परत जहाजावर, आणि कुठे उभं राहायचं

सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर पोहोचा. तपासणीची रांग शेवटच्या अर्ध्या तासात लांबते. फळं, रोपं, बिया बरोबर आणू नका, काढून घेतात.

मग खोलीत जाऊन पडू नका. जहाज सुटण्याच्या वेळी वरच्या डेकवर, जहाजाच्या जाण्याच्या दिशेला तोंड करून उजव्या बाजूला उभे राहा. खाडीतून बाहेर पडताना आधी लाल दरवाजा दिसतो, मग तट, मग पाण्यातून उभा चढलेला मोरो अगदी जवळून जातो. डावीकडे पलीकडच्या काठावर एल कान्युएलो हा इवलासा किल्ला आहे. दोन्हींच्या तोफा मधल्या चिंचोळ्या पाण्यावर रोखलेल्या असत, आणि त्याच पाण्यातून तुम्ही चाललेले असता. बाबा कठड्याला रेलून उभे होते. मोरो मागे पडल्यावर सकाळी बघितलेला सान क्रिस्तोबाल उजवीकडे दिसू लागला, तेव्हा त्यांनी मला बोट करून त्या टाक्यांची जागा दाखवली.